धर्म न बदलता चर्चमध्ये लग्न : वसईचा अनुभव

ख्रिस्ती मुलाशी चर्चमध्ये लग्न करायचं म्हणजे आधी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा संस्कार, घ्यावा लागतो, असं मला कराडपासून अंधेरीपर्यंत सगळ्यांनी सांगितलं. सांगणाऱ्यांपैकी एकानेही चर्चमध्ये जाऊन विचारलेलं नव्हतं. ८ फेब्रुवारी २०२५ ला वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका कॅथलिक चर्चमध्ये माझं लग्न झालं. माझ्या कागदांवर आजही हिंदू असंच आहे आणि घरात गणपती बसतो. हे कसं जमलं, कुठे थांबावं लागलं, किती पैसे गेले आणि कुठला प्रश्न फॉर्म भरून सुटत नाही, ते क्रमाने लिहिते. प्रत्येक धर्मप्रांताची, म्हणजे एकेका बिशपांच्या हाताखालच्या भागाची, आणि प्रत्येक फादरांची पद्धत थोडी वेगळी असते, तेवढं मनात धरून वाचा. चर्चचं नाव देत नाही, कारण तिथल्या लोकांना तसं विचारलेलं नाही.

आधी तारखेचं. वसईतली ख्रिस्ती लग्नं चर्चच्या पंचांगावर चालतात. नाताळच्या आधीचा आगमनकाळ आणि राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा प्रायश्चित्तकाळ, या दोन्ही काळांत शक्यतो लग्न लावत नाहीत. २०२५ मध्ये राखेचा बुधवार ५ मार्चला होता. म्हणजे नाताळ ते मार्चची सुरुवात एवढीच फट, नाहीतर थेट ईस्टरनंतरचा उन्हाळा. त्या फटीत अख्खी वसई लग्न करते. बॅण्डवाला, मंडपवाला, केस करणारी बाई, सगळे वर्षभर आधी अडकलेले असतात. आमची बोलणी जुलै २०२४ मध्ये झाली, त्यामुळे आम्हाला शनिवार दुपारचे चार ही उरलेली वेळ मिळाली. आमच्या चर्चने किमान तीन महिने आधी कळवा असं सांगितलं होतं. दोघांपैकी एक जण ख्रिस्ती नसेल तर सहा महिने हाताशी ठेवा.

पहिल्यांदा गेलो ते ऑगस्टच्या सुरुवातीला, धो धो पावसात. ऑफिस सोमवारी बंद. बाकीच्या दिवशी सकाळी दोन तास आणि संध्याकाळच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, तासभर. नोकरी करणाऱ्यांनी संध्याकाळची वेळ धरावी आणि लोकल उशिरा येणारच हे गृहीत धरून निघावं. वसई रोडला उतरून पुढे बस किंवा रिक्षा, त्यात अर्धा तास सहज जातो.

मी देवळाच्या ऑफिसात पावती फाडायला जातात तशा तयारीने गेले होते. बाकावर आमच्या आधी लाल लुगड्यातली एक आजी बसली होती, तिला हयातीच्या दाखल्यावर फादरांची सही हवी होती. कॅनडाला निघालेल्या एका मुलाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता. दोन बायका शिवणवर्गासाठी हॉलच्या किल्ल्या मागत होत्या. आणि एक गृहस्थ भावाबरोबर कुंपणावरून चाललेल्या भांडणात फादरांनी मध्ये पडावं म्हणून हात बांधून उभे होते. तलाठी कार्यालय, बँक आणि गावचा पार एकाच खोलीत भरल्यासारखं वाटलं. बाकावरच्या आजीने मला आपादमस्तक बघितलं आणि विचारलं, “कुठल्या आळीची तू?” माझी आळी नव्हतीच. होणाऱ्या नवऱ्याने आपल्या घराचं सांगितल्यावर तिला त्याच्या पणजोबांपर्यंत सगळं आठवलं.

फादरांनी पहिला प्रश्न मला केला, “तुला इथे लग्न का करायचंय?” मी खरं ते सांगितलं. त्याच्या आजीची इच्छा आहे आणि मला आजी आवडते. ते म्हणाले, “हे कारण मी बऱ्याचदा ऐकलंय. फॉर्ममध्ये मात्र ते लिहायला जागा नाही.”

मग त्यांनी शांतपणे समजावलं. निव्वळ लग्नासाठी म्हणून ते कोणालाही बाप्तिस्मा देत नाहीत. ज्याला तो मनापासून घ्यायचा असतो त्याची तयारी बरेच महिने चालते आणि तिचा लग्नाच्या तारखेशी संबंध लावायचा नसतो. माझ्यासारखीसाठी वेगळा रस्ता आहे. चर्चच्या कायद्यातलं १०८६ वं कलम सांगतं की बाप्तिस्मा झालेला कॅथलिक आणि न झालेली व्यक्ती यांचं लग्न बिशपांच्या खास सुटीशिवाय चर्चच्या लेखी वैध नाही. या सुटीला सगळे डिस्पेन्सेशनच म्हणतात. अर्ज फादरांमार्फत जातो, आपल्याला बिशप हाऊसच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.

ही सुटी मिळण्यासाठी एक अट आहे, आणि या सगळ्या खटाटोपात खरं अवघड काही असेल तर तेवढंच आहे. कॅथलिक जोडीदाराने लेखी वचन द्यायचं असतं की मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना बाप्तिस्मा देऊन कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी माझ्याकडून होईल ते सगळं करीन. वचन तो देतो, मी नाही. पण त्याने ते दिलंय हे मला माहीत आहे, अशी नोंद होते आणि त्याखाली मी सही करते. ‘माझ्याकडून होईल ते सगळं’ म्हणजे नेमकं किती, असं मी तिथेच विचारलं. फादर म्हणाले, “ते तुम्ही दोघं घरी बोला. इथे माझ्यासमोर घाईने ठरवू नका. ठरल्यावर या.” त्या दिवशी त्यांनी आमच्याकडून एकही सही घेतली नाही.

आम्ही बोललो. लोकलमध्ये, फोनवर, वसईच्या किल्ल्यात फिरताना, दोन वेळा भांडूनही. मुलांचा बाप्तिस्मा होईल, आणि मुलांना गौरी-गणपतीला कराडला न्यायला कोणी आडकाठी करणार नाही, इथवर आलो. पुढचं मुलं विचारायला लागतील तेव्हा. हे ऐकून काही मैत्रिणी माझ्यावर चिडल्या, त्यांचंही चूक नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की हा कागद इतर कागदांच्या गठ्ठ्यात ठेवून सही करू नका. हॉलची आगाऊ रक्कम भरण्याआधी हे बोलणं झालेलं असलं पाहिजे.

सप्टेंबरात कराडला गेले. २०२४ मध्ये गणपती ७ तारखेला बसले आणि ८ तारखेला मारियामातेचा जन्मदिन होता. मी मोदक वळत असताना तिकडून चर्चमधल्या पोरांचे व्हिडिओ येत होते, नऊ दिवस रोज मूर्तीपुढे फुलं वाहणारे. आईने ते मोबाइल हातात घेऊन दोनदा बघितले. बाबांनी बघितले नाहीत.

बाबांचा प्रश्न वेगळाच होता. “सकाळी चर्चमध्ये करा, संध्याकाळी आपल्या पद्धतीने अंतरपाट धरू. काय अडचण आहे?” अडचण होती. त्याच लग्नाचा दुसरा धार्मिक विधी, ज्यात वधूवर पुन्हा एकमेकांचा स्वीकार करतात, तो चर्चला चालत नाही. आधीही नाही आणि नंतरही नाही. म्हणजे सप्तपदी नाही, कन्यादान नाही. मी हे फोनवर फादरांना पुन्हा विचारून खात्री केली. केळवण, हळद, ओटी भरणं, लक्ष्मीच्या पावलांनी घरात येणं, जेवणावळ, या कशालाच हरकत नव्हती. मंगळसूत्राचा तर प्रश्नच नव्हता, वसईत ख्रिस्ती बायकाही मंगळसूत्र घालतात आणि अंगठ्यांबरोबर तेही वेदीपुढे आशीर्वाद देऊन गळ्यात घालतात. मावशी म्हणाली, “सात पावलं नाहीत तर लग्न लागलं कुठं?” तिला आजही ते लागलंय असं वाटत नाही. एक मामा आलेच नाहीत. ज्यांच्या घरी हा मुद्दा येणार आहे त्यांनी तो पत्रिका छापण्याआधी काढावा.

ऑक्टोबर कागदांत गेला. त्याला लागला नव्याने काढलेला बाप्तिस्म्याचा दाखला. सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही, कारण आधी लग्न झालं असेल तर त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारीच असते. शिवाय दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरच्या श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराचा, दाखला. मला लागले जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो आणि अविवाहित असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र. त्याच महिन्यात राज्य सरकारने १०० रुपयांचा मुद्रांक ५०० वर नेला होता. नोटरी धरून साडेनऊशे रुपये गेले. नावातलं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच आहे ना, ते घरीच ताडून बघा. माझ्या जन्मदाखल्यावर आडनाव नव्हतं, त्यासाठी शाळेचा दाखला कामी आला.

याशिवाय मला लहानपणापासून ओळखणाऱ्या दोघांनी फादरांसमोर येऊन सांगायचं होतं की हिचं आधी लग्न झालेलं नाही आणि हिच्यावर जबरदस्ती नाही. बाबा आणि काका कोयना एक्सप्रेसने आले. बाबा चर्चच्या आवारात आयुष्यात पहिल्यांदा पाऊल ठेवत होते. चपला कुठे काढायच्या ते शोधत राहिले. फादरांनी प्रश्न विचारले, लिहून घेतले, सह्या झाल्या, पाच मिनिटांत काम संपलं. पुढचा पाऊण तास बाबा आणि फादर केळीवर बोलत होते. फादर वसईतल्याच वाडीवाल्याच्या घरचे. बावखलं, म्हणजे वाड्यांमधली गोड्या पाण्याची जुनी तळी, बुजवून इमारती उभ्या राहिल्या आणि विहिरींचं पाणी कसं उतरलं, हे ते सांगत होते. बाबा उसाचं सांगत होते. वसईची हिरवाई वाचवण्यासाठी उभ्या राहिलेल्या हरित वसईच्या आंदोलनाबद्दल बाबांनी पेपरात वाचलेलं होतं, त्यात पुढे असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले हेही त्यांना ठाऊक होतं. परतीच्या लोकलमध्ये म्हणाले, “माणूस शेतकरी आहे.” माझ्या लग्नाला बाबांची खरी परवानगी मी त्या वाक्यात धरली.

मग आमची दोघांची वेगवेगळी चौकशी झाली. एकाला बाहेर बसवतात. तू स्वतःच्या इच्छेने लग्न करतेस का, आधी लग्न झालंय का, तुमचं रक्ताचं नातं आहे का, कुठला आजार लपवलाय का, हे लग्न मरेपर्यंतचं आहे हे मान्य आहे का, मुलं हवीत का. उत्तरं फादर लिहितात आणि शेवटी सही घेतात. ‘मरेपर्यंत’वर मी थोडी थांबले. चर्च घटस्फोट मानत नाही, देशाचा कायदा मानतो, १८६९ चा कायदा आहे त्यासाठी. हे मला वकील मैत्रिणीने आधीच सांगून ठेवलं होतं. तिचा सल्ला होता की १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस देऊन रजिस्टर लग्न करा आणि मोकळे व्हा. आम्ही १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखालीच गेलो. दोघांपैकी एकच ख्रिस्ती असला तरी त्याखाली लग्न लावता येतं. वारसाहक्काचे प्रश्न मात्र दोन्ही वाटांवर वेगवेगळे उभे राहतात. जमीनजुमला असेल तर वकिलाकडे एक तास बसा, तेवढी फी वसूल होते.

विवाहपूर्व शिबिर एका शनिवार-रविवारी होतं, जेवणासकट दोघांचे पंधराशे रुपये. याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती, की दोन दिवस प्रवचन ऐकावं लागेल. प्रवचन होतंही थोडं. पण एका डॉक्टरांनी पाळी आणि गर्भधारणेबद्दल जे नीट मराठीत सांगितलं ते मला बीएस्सी करूनही कोणी सांगितलं नव्हतं. एका बँकवाल्यांनी कर्ज कोणाच्या नावावर, सोनं कोणाच्या ताब्यात, आईवडिलांना पैसे पाठवायचे ते सांगून की न सांगता, असले प्रश्न दोघांना वेगवेगळ्या कागदावर सोडवायला दिले. आमची उत्तरं जुळली नाहीत. दारूवर एक पूर्ण सत्र होतं, आणि समोरच्या रांगेतली एक मुलगी उठून बाहेर गेली ती चहापर्यंत आली नाही. गर्भनिरोधनाबद्दल चर्चची भूमिका मला पटली नाही, आजही पटत नाही. पटलं पाहिजे असं कोणी म्हणालं नाही. शिबिराचं प्रमाणपत्र जपून ठेवा, ते फाइलमध्ये लागतं.

२ नोव्हेंबरला पाडवा होता आणि त्याच दिवशी सर्व मृतांचा दिन. होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, “येतेस का आमच्या लोकांना भेटायला?” मी सकाळी घरी रांगोळी घालून संध्याकाळी दफनभूमीत गेले. चर्चच्या मागेच आहे ती. प्रत्येक थडग्यावर मेणबत्त्या आणि वाडीतली फुलं, आणि माणसांचा हा गलका. लोक थडग्यांशेजारी उभे राहून तब्येती विचारत होते, नोकऱ्यांचं बोलत होते, कोणाची सून बाळंतीण झाली ते सांगत होते. सासूबाईंनी मला त्यांच्या सासऱ्यांच्या थडग्यापुढे नेलं आणि नाव घेऊन माझी ओळख करून दिली. मृत सासऱ्यांना. मी नमस्कार केला.

फाइल नोव्हेंबरात वर गेली. मग थांबणं. २० तारखेला विधानसभेचं मतदान, त्या आठवड्यात शेजारच्या शाळेत मतदान केंद्र, ऑफिसातही कोणाचं लक्ष नाही. एकदा ठरलेल्या वेळी पोचलो तर घंटा वेगळ्याच लयीत वाजत होती. आळीतलं कोणी गेलं होतं, फादर तिकडे. ऑफिसातल्या बाईंनी आम्हाला परत पाठवण्याऐवजी कामाला लावलं. नवरा खुर्च्या उचलायला गेला, मी हॉलमध्ये चहा गाळायला. तिथे एका काकींनी मला विचारलं, “तूच ती कराडची ना?” माझी फाइल बिशप हाऊसला असेल नसेल, माझी बातमी सगळीकडे पोचली होती. या काकी त्यांच्या छोट्या ख्रिस्ती समूहाच्या, म्हणजे शेजारच्या काही ख्रिस्ती घरांच्या गटाच्या, प्रमुख निघाल्या. पुढे लग्नात माझ्या माहेरच्या माणसांची उतरायची सोय त्यांनी तीन घरांत लावून दिली, एक पैसा न घेता. कागदांच्या मागे धावताना अशा एका काकींना गाठा. ऑफिसची वेळ, फादरांचा मूड, कुठला फॉर्म संपलाय, हे त्यांना बरोबर माहीत असतं.

सगळंच गोड नव्हतं. एका गृहस्थांनी मला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं की आपल्यातल्या मुली काय कमी आहेत का. आणि माहेरी व्हॉट्सअ‍ॅपवर काय आलं ते लिहीत नाही. दोन्हीकडच्या वाक्यांत फक्त धर्माचं नाव बदलायचं होतं.

डिस्पेन्सेशन नाताळच्या आधी आलं. शिक्का मारलेला एक कागद. मला वाटलं होतं वाचून काहीतरी वाटेल, पण मी फक्त तारीख तपासली आणि पत्रिका छापायला टाकल्या.

जानेवारीच्या ५, १२ आणि १९ तारखेला, तीन रविवार, मिस्सामध्ये आमची नावं वाचली, कोणाला काही हरकत माहीत असेल तर कळवा म्हणून. तिसऱ्या रविवारी मी मुद्दाम गेले. आईबाबांच्या नावासह, मुक्काम पोस्ट कराड, जिल्हा सातारा. बाहेर आल्यावर भाजी विकणाऱ्या बाईने वाल पापडीची जुडी पैसे न घेता पिशवीत टाकली.

केळवण आणि हळद २ फेब्रुवारीला कराडला उरकली. ८ तारखेला चर्चमधला विधी जेमतेम पाऊण तास चालला. मी बाप्तिस्मा घेतलेला नसल्यामुळे पूर्ण मिस्सा नव्हता, फक्त वाचनं, प्रवचन, वचनं आणि आशीर्वाद. मिस्सात कॅथलिकांना देतात तो ख्रिस्तप्रसाद नाही, त्यामुळे ‘आमच्या माणसांनी उठायचं की बसायचं’ हा घोळही नाही. माझ्या मते हे जास्त बरं. प्रार्थनांपैकी एक माझ्या आत्याने वाचली, मजकूर फादरांनी आधी बघून दिला होता. सगळं मराठीत, गाणीसुद्धा, त्यामुळे कराडची माणसं अवघडली नाहीत. आई म्हणाली, “सत्यनारायणातलं मला एवढं कळत नाही.” वचनं पाठ करून जा. कागद हातात असतो, पण हात थरथरतो.

खर्चाचं म्हणाल तर चर्चला एकूण तीन हजार, गायनवृंदाला पाच हजार. फुलं वाडीतली आणि शेजारच्यांची, सोनचाफा सासूबाईंच्या बहिणीकडचा, सजावट युवकांनी केली आणि त्यांना आम्ही जेवण दिलं. हॉल, बॅण्ड, जेवण हा खर्च कुठल्याही लग्नासारखाच आणि तेवढाच वेडा, त्यात चर्चचा काही संबंध नाही.

सह्या वेदीजवळच्या टेबलावर रजिस्टरमध्ये होतात, आम्ही दोघं, दोन साक्षीदार आणि फादर. त्या रजिस्टरचा उतारा म्हणजेच लग्नाचा दाखला. आठवड्याभरात मिळाला. त्याच्या तीन प्रती शिक्क्यासह एकदमच मागून घ्या, कारण पासपोर्ट, बँक आणि पालिका तिघांनाही मूळ प्रत बघायची असते. महाराष्ट्रातल्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे पालिकेतही नव्वद दिवसांच्या आत नोंद करावी लागते. तीन साक्षीदार, पत्रिका, फोटो आणि लग्न लावणाऱ्याची सही. त्या सहीसाठी फादर स्वतः येत नाहीत, फॉर्म आधी चर्चमध्ये नेऊन सही-शिक्का घ्यायचा. आम्ही मार्चमध्ये हे केलं आणि प्रमाणपत्र एप्रिलमध्ये हातात आलं.

नाव बदललं नाही, त्यामुळे आधार-पॅनचा फेरा वाचला. चर्चच्या कुटुंबपत्रकात मात्र ऑफिसातल्या बाईंनी सासूबाईंच्या खाली माझं नाव घातलं, धर्माच्या रकान्यात विचारून हिंदू लिहिलं, आणि वार्षिक वर्गणीत एक माणूस वाढवला. पुढच्या आठवड्यात समूहाच्या काकींचा फोन आला, रक्तदान शिबिराच्या नोंदणीच्या टेबलावर बसायला कोणीतरी हवंय.